बारीक पीठ

शुक्रवार पेठेत विजेवरची पिठाची गिरणी सुरू झाली आणि घरोघरची जाती परसात जाऊन पडली. कुणी त्यांच्यावर कपडे आपटायला लागलं, कुणी मोरीपुढं पायरी करून टाकली. आमच्या मालकांना हे बघवेना. ते हातगाडी घेऊन पेठभर फिरले, टाकलेली जाती मागून आणली आणि खालच्या सोप्यात भिंतीला लागून ओळीनं मांडली. लोक म्हणाले, म्हातारा आता गिरणीवाल्याच्या पोटावर पाय देणार. पण मालकांना पिठाच्या धंद्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना माणसं बरी करायची होती.

मालक म्हणजे आमचे घरमालक. मी जकात नाक्यावर कारकून होतो आणि माडीवरच्या दोन खोल्यांत बायको-मुलासह भाड्यानं राहत होतो. मला ते 'नाकेदार' म्हणत. सगळा जन्म त्यांनी कापडाच्या मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, म्हणून काढलेला. मागांच्या खडखडाटानं दोन्ही कान गेलेले. समोरचा काय म्हणतो ते त्यांना ओठांवरून थोडंफार कळे, उरलेलं ते आपल्या पदरचं घालत. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही. कपाळाला भस्म, अंगात बिनबाह्यांची बंडी, आणि मिल सोडून इतकी वर्षं झाली तरी सकाळचा भोंगा झाला की ताडकन उठून उभं राहायचं. भोंगा त्यांना ऐकू येत नसे. पायाखालच्या फरशीला कळतो, म्हणत.

त्यांचा सिद्धांत असा, की दुःख मनात नसतं. मन ही चीजच त्यांना मान्य नव्हती.

"मन कुटं हाय ते दावा की," ते समोरच्याच्या छातीवर बोट टेकवून म्हणत. "हितं हाय? का हितं? दावता येत न्हाय मग त्याला औषिद कसलं देताय?"

दुःख अंगात बसतं आणि प्रत्येक दुःखाची जागा ठरलेली असते, हे त्यांनी कुठून काढलं होतं देव जाणे. नवरा-बायकोतलं एक गेलं तर दुसऱ्याच्या खांद्यात. आईबाप गेले तर मानेत. अपमान झाला तर कमरेत. आणि लेकरू गेलं तर दोन्ही कोपरांत, कारण लेकरू तितंच असतंय. हे शेवटचं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा मुलगा माझ्या हातावरच होता. त्यानं मालकांच्या भस्माला बोट लावून स्वतःच्या कपाळावर ओढलं होतं आणि आम्ही दोघं हसलो होतो.

तर असं अंगात बसलेलं दुःख बोलून निघत नाही, रडा म्हणून रडता येत नाही. ते दळून काढायचं. बापई असो की बाई, मालक त्याला जात्यापुढं बसवत. एक पाय लांब, एक दुमडलेला, उजव्या हातात खुंटा, डाव्या हातानं घास घालायचा, आणि दळायचं. खांदा, मान, कमर, कोपर, सगळं आपोआप फिरतं. स्वतः मालक भिंतीकडं तोंड करून बसत, कारण रडणाऱ्या माणसाकडं बघू नये, बघितलं की ते आत जातं. आवाज तर ऐकू येत नसे. ते तळहात फरशीवर ठेवून जातं कसं चाललंय ते समजून घेत. सगळं झाल्यावर चिमूटभर पीठ उचलायचं आणि अंगठ्यावर घासायचं. भरड असलं की म्हणायचे, "हाय अजून." रोज थोडं बारीक होत जायचं. एक दिवस पीठ बोटावरून पाण्यासारखं सरकलं की मालक उठत, जात्याचा लाकडी खुंटा उपसून त्या माणसाच्या हातात देत आणि म्हणत, "साकु." म्हणजे कन्नडात पुरे. खुंटा घरी न्यायचा आणि पुन्हा जात्याला हात लावायचा नाही. आतलं संपल्यावर दळत राहिलं तर माणूसच दळला जातो, असा त्यांचा पक्का समज होता. दुसऱ्या दिवशी बाभळीचा नवा खुंटा तासत ते पायरीवर बसलेले दिसत.

आणखी एक नियम होता. ज्यानं दळलं त्यानं ते पीठ खायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी खाल्लं पाहिजे, नाहीतर ते फिरून त्याच अंगात जातं. हे दुसरं कुणीतरी म्हणजे मालकच. पेठेत टवाळी व्हायची, की म्हाताऱ्यानं फुकट दळणाची काय छान सोय लावली आहे. मीही त्या टवाळीत असे. पण ते भरड, कण्या राहिलेलं, दगडाची कच आलेलं पीठ मळून, स्वतः थापून, शेंगाचटणीबरोबर एकट्यानं खाणारा तो म्हातारा मी रोज बघत होतो. त्यात कुणाचा लोभ असेल असं ती भाकरी बघून तरी वाटत नसे.

माणसं मात्र यायची. टांगेवाल्याचा घोडा मेला, तेव्हा त्याची बायकोच त्याला ओढत घेऊन आली. तो दारात उभा राहून ओरडला, "मर्‍या तो घोडा मेरा. मैं चक्की कायकू फिराऊं?" मालकांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्यांनी त्याला खांदे धरून खाली बसवलं. पहिले काही दिवस तो शिव्या देत दळायचा, मग गप्प दळायला लागला, आणि एके दिवशी सोप्यातून असा हंबरडा आला की माडीवर माझ्या हातातला चहा सांडला. पुढं त्यानं नवा घोडा घेतला आणि टांग्याच्या कंदिलाशेजारी तो खुंटा बांधून ठेवला. शहराच्या पूर्वभागातला एक विणकर यायचा, त्याचा भाऊ गेला होता. तो तेलुगूत जात्याशी बोलायचा. शाळेतून बेइज्जत होऊन निवृत्त झालेले एक हेडमास्तर धोतर वर खोचून दळायला बसले आणि पेठेतल्या बायका पदर तोंडाला लावून बघायला आल्या. या सगळ्यांना गुण आला. निदान ते रडले, आणि मग उठून कामाला लागले.

मी सरकारी कागदावर वाढलेला माणूस. मला त्यातली गोम दिसत होती. मालकांकडं येणारे एकतर पुरुष, नाहीतर भात खाणाऱ्या विणकर घरांतल्या बायका. जन्मात जात्याला हात न लावलेली ही माणसं. रोज दळलं की हात बसतो, आणि हात बसला की पीठ बारीक येतं. दिवस गेले की दुःखही थोडं मागं सरतं. या दोन गोष्टी शेजारी शेजारी घडत होत्या. मालकांनी त्या एकमेकींना बांधून टाकल्या होत्या. ज्या बायकांचं सगळं लहानपण जात्यापुढं गेलं होतं त्या कशाला येतील? त्यांना गिरणी आल्याचाच आनंद होता.

हे दळणाचं त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते मालकांनी मला एकदाच सांगितलं. त्यांची बायको गेली तेव्हा ते खात्याचे मुख्य जॉबर होते. खात्यातली माणसं दारात उभी, त्यांच्यासमोर रडायचं कसं? रडले नाहीत. वर्षाच्या आत उजवा हात वर जाईनासा झाला. तालमीतल्या वस्तादाकडून चोळून घेतला, मिलच्या डॉक्टरनं सुया दिल्या, काही नाही. मग अक्कलकोटकडून सासू राहायला आली. ती काही वैदू नव्हती. घरात पीठ नव्हतं आणि तिचे गुडघे धरले होते, म्हणून तिनं जावयाला जात्यावर बसवलं.

"आर्धं दळण झालं आन् फुटलोच की," मालक म्हणाले. "म्हातारी म्हणाली, रड, पर हात थांबवू नगंस, संध्याकाळच्याला भाकरी पायजे. दुसऱ्या दिवशी हात वर."

एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी सगळं शास्त्र उभं केलं होतं.

दुष्काळाच्या साली माझा मुलगा तापानं गेला. सकाळी अंग गरम लागलं, दुसऱ्या संध्याकाळी काही उरलं नाही. चौथं लागलं होतं त्याला. याहून जास्त मी इथं लिहिणार नाही, मला जमत नाही.

माझी बायको रडली नाही. आळीतल्या बायकांनी तिला रडवायचा प्रयत्न केला. पोराची टोपी पुढ्यात ठेवली, त्याच्या नावानं मोठमोठ्यानं हाका मारल्या, एकीनं तर चिमटा काढला. ती उठली आणि टोपी घडी करून ट्रंकेत ठेवून आली. मग तिनं बोलणं सोडलं. स्वयंपाक करायची, पाणी भरायची, रेशनच्या रांगेत उभी राहायची. रात्री भिंतीकडं तोंड करून पडायची, हात असे पुढं, कोपरांत वाकवलेले. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन ती तशीच, वाकवलेल्या हातांनी झोपायची.

मालक जिन्याच्या खाली येऊन उभे राहिले. वर कधी येत नसत. म्हणाले, "नाकेदार, अव्वाला खाली पाठवा." अव्वा म्हणजे कन्नडात आई. तरण्या पोरींनाही ते तेच म्हणत. मी पाठवली. विश्वास नव्हता, पण माझ्याजवळ दुसरं होतं काय?

त्या साली ज्वारी दिसत नव्हती. रेशनला परदेशातली तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे व्हायचे. पेठेतली प्रत्येक बाई तिला शिव्या देत होती. माझ्या बायकोनं जात्यापुढं बसल्याबरोबर खुंटा हलवून बघितला, वरची तळी डगमगू नये म्हणून ती उचलून मधल्या खिळीला चिंधीचा वेढा दिला, आणि दळायला लागली. तिचं माहेर माढ्याजवळच्या एका वाडीतलं. तिला दळायला कुणी शिकवायची गरज नव्हती. संपूर्ण अंग एका लयीत जायचं यायचं. मालक भिंतीकडं तोंड करून फरशीवर तळहात ठेवून बसले होते. त्यांनी एकदा चमकून मागं बघितलं.

पीठ उचलून त्यांनी अंगठ्यावर घासलं. पुन्हा घासलं. पहिल्याच दिवशी, आणि तेही मिलोचं, असं पीठ की चाळायची गरज नाही. त्या दिवशी त्यांची भाकरी चिरली नाही. आईच्या हातच्यानंतर अशी खाल्ली नव्हती, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

ती रोज जायला लागली. भोंगा झाला की खाली. तोंडातून शब्द नाही, डोळ्यांत पाणी नाही. पण दळून वर आली की चार घास नीट खायची, आणि दुपारी थोडा वेळ तिचे हात सरळ असायचे. मी तेवढ्यावर जगत होतो.

मालकांना मात्र घाई झाली. पीठ रोजच बारीक येत होतं आणि त्यांच्या शास्त्रात त्याचा एकच अर्थ होता. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, की मालक, ती माढ्याकडची आहे, लहानपणापासून दळते आहे, तिच्या पिठावरून काही धरू नका. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं.

"तोंड खोटं बोलतंय, नाकेदार. हात न्हाय."

आणि एका सकाळी ते उठले, खुंटा उपसला, दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला. "साकु, अव्वा. साकु."

ती खुंट्याकडं बघत राहिली. मग मान खाली घालून म्हणाली, "अजून थोडं दळू का?"

पोर गेल्यापासूनचे ते तिचे पहिले शब्द. मालकांना अर्थातच ऐकू आले नाहीत. मी धावत गेलो आणि त्यांच्या कानात ओरडलो, की ती म्हणते आहे अजून दळू का, दळू द्या तिला. मालकांचा चेहरा उजळला. डोळे भरून आले त्यांचे.

"बोलली? बोलली की! मग निघालं सगळं." तिच्याकडं वळून अगदी मायेनं म्हणाले, "न्हाय अव्वा. आता दळलं की उलटं चढतंय. लई दळलंस. जा वर."

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा ती उठून बसली, आणि बसूनच राहिली. मी पिठाच्या गिरणीवाल्याकडून, शेजाऱ्यांकडून, कुठून तरी जातं मिळतं का बघितलं. पेठेतलं प्रत्येक जातं मालकांच्या सोप्यात होतं. त्यांच्याकडं मागितलं तर ते घाबरून हात जोडत, की असं करू नका, पोर बरी झालेली आहे. आठवड्याभरात तिनं चूल सोडली. मग अंघोळ सोडली. भिंतीला टेकून बसायची आणि तो खुंटा मुठीत धरून फरशीवर गोल फिरवायची. लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज दिवसभर. मी हाक मारली तर वर बघायची, पण ज्याला बघायची तो मी नव्हतो. शेवटी तिचा भाऊ आला आणि तिला वाडीला घेऊन गेला. वाडीतही गिरणी आली होती, भावाच्या घरात जातं उरलं नव्हतं. तिथं ती बरीच वर्षं जगली. बरी झाली नाही. मी दर रविवारी जात असे.

मालकांना हे कधी कळलं, मला सांगता येणार नाही. माडीवरच्या फरशीला सकाळपासून चाललेली ती घासाघीस त्यांच्या छताला कळली असेल. एवढं खरं, की ती गेल्यावर सोप्यात कुणी दळायला बसलं नाही. एक बाई पोराला घेऊन आली होती, तिला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. ते स्वतः गिरणीवाल्याच्या पिठाची भाकरी खायला लागले. दोनेक वर्षांनी ते वारले तेव्हा त्यांच्या पुतण्यानं ती सगळी जाती काढून नव्या बांधकामाच्या पायात घातली. टांगेवाला तेवढा येऊन रडला. माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग होता, आजही आहे, आणि तो ज्या माणसावर आहे तोच आमच्यासाठी एकटा जिन्याखाली येऊन उभा राहिला होता, हेही मला विसरता येत नाही. पहिल्या दिवसांनंतर बाकी कुणी काही करून चुकायलासुद्धा आलं नव्हतं.

मरायच्या आधी एकदा ते वाडीला आले होते. पाऊस होऊन गेला होता, नवी ज्वारी घरात आली होती. मी रविवार म्हणून तिथंच होतो. दुपारी मेव्हण्याची बैलगाडी दारात आली, तिच्यात मालक, आणि मालकांच्या पायाशी तिनं सोप्यात दळलेलं तेच जातं. एसटीच्या टपावर घालून माढ्यापर्यंत आणलं होतं. म्हातारा घामानं निथळत होता. त्यांनी आम्हा दोघांच्या मदतीनं जातं उतरवलं आणि अंगणात तिच्यापुढं मांडलं.

तिनं जात्याकडं बघितलं नाही. खुंटा तिच्या मुठीत होता, तो जमिनीवर फिरत होता. तिथं मातीत एक गोल खळगा पडला होता. मालक हात पुढं करून थांबले. तिनं खुंटा दिला नाही.

मग त्यांनी लिंबाची एक काटकी मोडून घेतली, दगडानं ठोकून जात्याच्या भोकात बसवली, आणि तिच्यासमोर बसले. एक पाय लांब, एक दुमडलेला. माझ्या मेव्हण्याच्या बायकोला खुणेनं ज्वारी मागितली. आणि दळायला लागले. मी त्यांना दुसऱ्यांना बसवताना शेकडो वेळा बघितलं होतं. स्वतः दळताना कधीच नाही. उजवा हात पुरता फिरत नव्हता, मध्येच अडकायचा. काटकी वाकायची. ते तिच्याकडं बघत दळत होते, भिंतीकडं नाही, आणि ती कुणाकडंच बघत नव्हती. दोन हात समोरासमोर गोल फिरत होते, एकाखाली दगड होता, एकाखाली माती.

ऊन उतरेपर्यंत हे चाललं. शेवटी मलाच राहवेना. मी पुढं होऊन त्यांच्या दंडाला धरलं आणि म्हणालो, "मालक, साकु."

ते थांबले. चिमूटभर पीठ उचलून अंगठ्यावर घासलं, मग माझा हात ओढून माझ्या बोटावर ठेवलं. पीठ कसलं, नुसत्या कण्या होत्या.

"हिचं पयल्या दिवशीच बारीक होतं," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो. मोठ्यानं बोललो नाही. ते माझ्या ओठांकडं बघत होते.

"मला कळलं न्हाय, नाकेदार. हातच तेवढा बरा होता तिचा."

ते रडले नाहीत. मला वाटत होतं रडतील, आणि मी त्याची वाट बघत होतो, हेही खरं आहे. निघायच्या तयारीनं ते उठायला लागले, तसं मी ते पीठ परातीत गोळा केलं आणि चुलीशी नेऊन मेव्हण्याच्या बायकोला भाकरी करायला सांगितली. ती म्हणाली, हे थापणार नाही, निम्मं गिरणीचं घालू का. मी नको म्हणालो. भाकरीच्या कडा फुटल्या, मधूनही भेग गेली. मी अंगणात मालकांच्या समोर येऊन बसलो आणि खायला लागलो. नियम त्यांचाच होता, दळणाऱ्यानं खायचं नाही, दुसऱ्या कुणीतरी खायचं.

दाताखाली दगडाची कच लागत होती. मालक माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते, मी काही बोलतो की काय ते समजून घेत असल्यासारखे. मी पुढचा घास मोडला. तिचा खुंटा मातीत फिरत होता. ताटात एक तुकडाही न ठेवता मी ती भाकरी संपवली.